जपानी बालोद्यान आणि परकी माता

फ्रेबेल यानें १८४० सालीं जर्मनींत 'किंडरगार्टन' हें नांव रूढ केलें. जपाननें ती कल्पना लवकरच उचलली, आणि १८७६ सालीं तोक्यो येथील स्त्रियांच्या सरकारी अध्यापनशाळेस जोडून तेथील पहिलें सरकारी बालोद्यान निघालें. जपानींत त्यास 'योचिएन' म्हणतात. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस बालशिक्षण खेड्यांत नेलें, हें वाचकांस ठाऊक आहेच. परदेशांतून आलेल्या आईबापांस हें योचिएन कसें भासतें, याविषयीं येथें चार शब्द लिहितों.

तोक्योच्या एदोगावा विभागांत निशिकासाई या भागीं पुष्कळ भारतीय कुटुंबें राहतात. आमची कन्या व जांवई तेथेंच असल्यामुळें नातवाचें योचिएन आम्हांस जवळून पाहावयास मिळालें. तीन वर्षें पुरीं झालेलें मूल एप्रिलांत दाखल होतें. शाळा रोज सुमारें चार तास, पाठ्यपुस्तक नाहीं. माती, पाणी, गाणीं, कात्री व कागद हाच अभ्यास. ऑक्टोबर २०१९ पासून तीन ते पांच वर्षांच्या मुलांच्या फीचा भार सरकार उचलतें. खासगी योचिएनसाठीं ही मर्यादा दरमहा २५,७०० येन आहे. परंतु आईवरील श्रमांचा भार मात्र कायमच आहे. सांगितल्या मापाच्या कापडी पिशव्या शिवावयाच्या, आंत वापरण्यास निराळे जोडे द्यावयाचे, रंगाच्या प्रत्येक कांडीवर मुलाचें नांव घालावयाचें, आणि वहींतून बाईंशीं पत्रव्यवहार करावयाचा, तोहि जपानींत! नोकरी करणाऱ्या आईबापांसाठीं 'होइकुएन' असतात. पण तेथें जागा मिळाली नाहीं. मूल दोन वाजतां घरीं येणार, म्हणून आमच्या कन्येस नोकरी सोडावी लागली.

अन्नाची अडचण निराळीच. जपानी रसश्यांत बहुधा माशांचा अर्क असतो, आणि तो डोळ्यांस दिसत नाहीं. बाईंनीं घरचा डबा आणण्यास आनंदानें संमति दिली. पण इतर मुलांच्या डब्यांतील फुलें-पक्षी पाहून नातू हट्ट धरूं लागला. तेव्हां कन्येनें गाजराचीं फुलें कातरण्याची कला साध्य केली. जेवणापूर्वीं सर्व मुलें हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतात. 'नम्रपणें स्वीकारतों' असा त्याचा भावार्थ. पानावर बसून श्लोक म्हणणाऱ्या घरांतील मुलास हें परकें वाटलें नाहीं.

खरी चिंता मुलाच्या मौनाची होती. दोन महिने तो शाळेंत एक अक्षर बोलला नव्हता. जूनमधील पालकभेटीच्या दिवशीं वाळूंत खेळतांना एका मुलानें त्याचें फावडें ओढलें आणि त्यास ढकलून दिलें. बाई चार पावलांवर उभ्या होत्या. पण हलल्या नाहींत. कन्येचा जीव वर-खालीं झाला. आमचें सारें आयुष्य वर्गांत शिस्त राखण्यांत गेलेलें. आम्हांसहि तें पाहवेना. इतक्यांत एका लहान मुलीनें येऊन नातवाच्या अंगावरील वाळू झाडली आणि त्याच्या कानांत कांहींतरी सांगितलें. तो उठला, त्या मुलापुढें हात करून म्हणाला, "काशिते!" म्हणजे, 'मला दे ना!' क्षणभर थांबून त्या मुलानें फावडें पुढें केलें. शाळेंतील त्याचा तो पहिला शब्द!

मागाहून बाईंनीं सांगितलें, "कोणास इजा होत असती तर मी धांवलें असतें. मी मध्यें पडलें तर भांडण माझें होतें; मग तें मिटविण्यास मुलें शिकत नाहींत." दुरून लक्ष ठेवून रक्षण करण्याच्या या रीतीस तेथें 'मिमामोरु' म्हणतात. पांच वर्षें लालन व पुढें ताडन, असें आपलें जुनें सुभाषित सांगतें. लालन आणि ताडन यांच्या मधली ही तिसरी वाट आम्हांस विचार करण्याजोगी वाटली. मात्र तीवर चालणाऱ्या शिक्षकाजवळ छडीपेक्षां अधिक धैर्य पाहिजे.

आतां नातू खेळण्यांशींहि जपानींत बोलतो, आणि कन्येस दुसरीच धास्ती पडली आहे: हा आपली भाषा विसरणार तर नाहीं? आमचें उत्तर असें कीं, जपानी शिकविणें हें त्या बाईंचें काम, मराठी राखणें हें घराचें. तेथें रात्रीचे आठ वाजतात, तेव्हां येथें दुपारचे साडेचार झालेले असतात. ती वेळ आम्हीं गोष्टीसाठीं राखून ठेविली आहे.