झिपरीच्या डॉक्टरीणबाई

नाशिकरोडहून गंगापूर रोडला राहायला आलो, तेव्हा दूध, पेपर, गॅस, कामाच्या मावशी ही सगळी घडी पंधरवड्यात बसली. झिपरीसाठी डॉक्टर मिळायला मात्र निम्मा पावसाळा गेला. तिच्या आधीच्या डॉक्टरांनी वयामुळे दवाखाना बंद केला होता. शेवटच्या भेटीत तिची लसीकरणाची वही माझ्या हातात देत ते म्हणाले, "ताई, ही धडधाकट आहे तोवरच नवीन डॉक्टर बघून ठेवा." झिपरी म्हणजे देशी आईची, पण अंगावर पॉमेरेनियनसारखे केस घेऊन जन्मलेली. तेव्हा सात वर्षांची होती. कुत्र्याच्या हिशेबात ते प्रौढ वय. आता यापुढे दुखणी येणार हे दिसत होतंच.

कुत्र्या-मांजरांचे दवाखाने नाशकात आता कमी नाहीत. कॉलेज रोड, इंदिरानगर, सिडको, पंचवटी, कुठेही विचारा, जवळपास एक तरी पाटी दिसते. सकाळी फिरायला येणाऱ्या कुत्रेवाल्यांना मी विचारायला लागले. कुणी म्हणे अमक्याकडे जा, पार्किंग आहे. कुणी म्हणे तमक्याकडे अंघोळ आणि केस कापणं एकाच ठिकाणी होतं. पण सगळ्यांत जास्त वेळा कानावर आलेली शिफारस एकच: "त्यांच्याकडे जा, एका इंजेक्शनात फरक पडतो."

ही शिफारस ऐकली की मी आता सावध होते. स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर खाज, सूज, ताप, मरगळ सगळं काही तासांत उतरतं आणि जनावर शेपटी हलवत घरी येतं. योग्य आजारात, योग्य मात्रेत ते मोलाचं औषध आहे. पण आजार काय आहे हे न शोधता दिलं तर लक्षणं झाकली जातात, प्रतिकारशक्ती दबते आणि आतला जंतू मोकळा सुटतो. मालक मात्र खूश, कारण कुत्रं जेवलं. जनावराला बोलता येत नाही, त्यामुळे त्याच्या डॉक्टरची परीक्षा आपण आपल्या समाधानावरून करतो, हीच यातली खरी अडचण आहे.

मग मी झिपरीची नखं कापायच्या निमित्ताने एकेक दवाखाना पाहायला सुरुवात केली. आजार नसला की आपलंही डोकं शांत असतं आणि बघायला वेळ मिळतो. मी टेबलाकडे बघायचे: आधीचं जनावर उतरल्यावर ते जंतुनाशकाने पुसतात का? कारण पार्व्होचा विषाणू नुसत्या पाण्याने जात नाही आणि पिल्लांचा तो काळ असतो. लसीची बाटली कुठून काढतात तेही बघायचे. लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी. ती फ्रीजमधून समोर काढली, बाटलीवरचं लेबल वहीत चिकटवलं, खाली तारीख आणि सही केली, की मन निवांत होतं. एका ठिकाणी वजनकाटा कोपऱ्यात धूळ खात पडला होता. "असेल पंधरा किलो," म्हणत तिथल्या माणसाने जंताचं औषध काढायला घेतलं. जनावराचं जवळपास प्रत्येक औषध किलोमागे मोजून द्यायचं असतं. झिपरी दिसायला मोठी आहे, पण त्यातला बराच भाग केसांचा. मी नखं तेवढी कापून घेतली आणि निघाले.

त्या जागी दुसरीही एक गोष्ट खटकली होती. बाहेर पाटीवर एक नाव होतं, आत काम करणारा माणूस दुसराच. आपल्याकडे भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984चा आहे. पशुवैद्यकाची मान्यताप्राप्त पदवी, म्हणजे बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच., आणि परिषदेकडची नोंदणी असल्याशिवाय कुणाला जनावरांवर स्वतंत्रपणे उपचार करता येत नाहीत. पदविका किंवा प्रमाणपत्रवाल्यांना किरकोळ सेवा देता येतात, तीही राज्य सरकारने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. महाराष्ट्राची परिषद नागपूरला आहे. "डॉक्टर, आपला नोंदणी क्रमांक काय?" असं विचारायला आपल्याला संकोच वाटतो. पण मी विचारला तेव्हा चांगल्या डॉक्टरांपैकी कुणीही रागावलं नाही. एकांनी तर भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवलं आणि पुढे पदव्युत्तर शिक्षण शस्त्रक्रियेत केल्याचंही सांगितलं. हे कळलेलं बरं असतं. एम. व्ही. एस्सी. ही एकच पदवी नव्हे. कुणाची औषधशास्त्रातली असते, कुणाची शस्त्रक्रियेतली, कुणाची प्रजननातली.

सरकारी दवाखान्याबद्दल सांगायला हवं. अशोकस्तंभाच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मी झिपरीला रेबीजच्या लसीसाठी नेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "तिथे गाईगुरांचं बघतात, हिला कोण विचारणार?" रांगेत खरोखरच शेळी होती, एक वासरू होतं आणि मांजरीची पिशवी मांडीवर घेतलेला शाळकरी मुलगा होता. आपल्याकडचं पशुवैद्यक मुळात घोडे आणि गुराढोरांभोवती वाढलं. परळचं मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय 1886मध्ये सुरू झालं तेव्हा घरात पाळलेल्या पॉमेरेनियनचा विचार कुणाच्या मनात असणार? पण त्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी शेळीला जितक्या काळजीने तपासलं तितक्याच काळजीने झिपरीलाही तपासलं. तिच्या दातांवरचं कीटण त्यांनी दाखवलं, तोवर ते कुणीच दाखवलं नव्हतं. चकचकीत काचेचा दरवाजा असला म्हणजे आत चांगला डॉक्टर असतोच असं नाही, आणि भिंतीचा रंग उडालेला असला म्हणजे नसतोच असंही नाही. तिथे रात्रीची आणि कुत्र्याला ठेवून घेण्याची सोय आमच्या कामाची नव्हती, म्हणून शोध पुढे चालू राहिला.

शेवटी ज्या डॉक्टरीणबाई मिळाल्या, त्यांचा दवाखाना आमच्या घरापासून लांब आहे, दोन खोल्यांचा. पहिल्या दिवशी झिपरी टेबलावर चढेना. मदतनीस तिला उचलायला पुढे झाला, तर बाई म्हणाल्या, "राहू दे, मीच खाली बसते." त्या फरशीवर बसल्या आणि बराच वेळ झिपरीला हातही न लावता माझ्याशी बोलत राहिल्या. काय खाते, पाणी किती पिते, शी कशी होते, घरात आणखी कुणी जनावर आहे का, फिरायला कुठे नेता, नदीकाठी जाता का, तिथलं साचलेलं पाणी पिते का. तोवर झिपरीने त्यांचा हात हुंगून घेतला होता. मग त्यांनी हिरड्या पाहिल्या, कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली हात फिरवला आणि गुदद्वारात थर्मामीटर घालून ताप मोजला. "एकशे दोन. उत्तम," म्हणाल्या. मला वाटलं ताप आहे. तेव्हा त्यांनी समजावलं की कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, एकशे एक ते एकशे दोन पॉइंट पाच फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं. नाक गरम लागलं म्हणून क्रोसिन देणारी माणसं त्यांच्याकडे येतात. मांजराला तर पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही जिवावर बेतते.

घरातली औषधं या विषयावर त्या फार पोटतिडकीने बोलतात. आमच्याच इमारतीतल्या एका काकांनी लंगडणाऱ्या लॅब्रॅडोरला स्वतःची दुखण्यावरची गोळी दिली होती आणि कुत्र्याला रक्ताची उलटी झाली. त्या गोळीत डायक्लोफिनॅक होतं. हेच औषध गुरांना टोचलं जायचं, मेलेली गुरं गिधाडं खायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. 1990च्या दशकापासून देशातली गिधाडं अशी संपत गेली, म्हणून 2006मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद करण्यात आलं. आपल्याच जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाड्याला वनविभागाने गिधाडांसाठी सुरक्षित खाद्याची जागा केली आहे. डॉक्टर कोणती बाटली उचलतो याचा परिणाम किती लांबवर जाऊ शकतो, हे मला त्या दवाखान्यातल्या बाकावर बसून कळलं.

पहिली खरी कसोटी त्याच पावसाळ्यात आली. झिपरी जेवेना, मागचे पाय ओढायला लागली. इतक्या केसांत गोचीड दिसत नाही, पण बाईंच्या बोटांना कानाच्या पाळीत एक सापडली. त्यांनी लगेच इंजेक्शन भरलं नाही. हिरड्या फिक्या दिसल्या, ताप होता, म्हणून आधी रक्त घेतलं. थेंबभर काचपट्टीवर पसरून स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि उरलेलं तपासणीला दिलं. "माणसांच्या लॅबमध्ये देऊ नका, त्यांचं मशीन कुत्र्याच्या पेशी नीट मोजेलच असं नाही," हे त्यांनी बजावलं. प्लेटलेट्स खूप खाली होत्या. गोचीडताप निघाला, त्यातला एर्लिकिया नावाचा प्रकार. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चार आठवडे. झिपरी तिसऱ्या दिवशी पोळीसाठी उड्या मारायला लागली, तेव्हा मला वाटलं आता कशाला इतक्या गोळ्या. पण पहिल्याच भेटीत त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं: औषधाचं नाव, मात्रा, जेवणाबरोबरच द्यायचं, बरी दिसली तरी थांबवायचं नाही, रक्त पुन्हा कधी तपासायचं. आणि घरातल्या फटी, पायपुसणी, तिची गादी यांचं काय करायचं तेही, कारण गोचीड कुत्र्यापेक्षा भिंतीच्या भेगांत जास्त असते. ते अक्षर वाचता येत होतं. औषधाच्या नावाऐवजी कागदाच्या तुकड्यावर "पांढरी एक, पिवळी अर्धी" असं लिहून पुडी देणारे दवाखाने मी पाहिले आहेत. रात्री काही बिघडलं आणि दुसऱ्या डॉक्टरकडे धावावं लागलं, तर त्याला काय सांगणार? पांढरी एक?

दुसरी कसोटी द्राक्षांची. नाशिकमध्ये हे लिहिताना मला मुद्दाम थांबावंसं वाटतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे कुणाकडेही जा, पिंपळगाव, दिंडोरी, ओझरहून आलेली द्राक्षांची पेटी कोपऱ्यात असतेच. आमच्याकडे पाहुण्यांनी आणलेली पेटी दारात ठेवली होती, आणि झिपरीने ती फाडून त्यातला घड संपवला. सासूबाई म्हणाल्या, "फळच आहे, बाधत नाही." आपल्याला अमृत असलेलं हे फळ कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष ठरू शकतं, आणि बेदाणे त्याहून जास्त, कारण त्यांत तेच सगळं आटून आलेलं असतं. सगळ्याच कुत्र्यांना होत नाही. किती द्राक्षांनी होईल याचा नेम नाही. अलीकडे संशोधकांचा संशय त्यातल्या टार्टरिक आम्लावर आहे.

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मी बाईंना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वेळ झाला?" दुसरा, "वजन किती?" आणि मग, "मिठाचं पाणी पाजू नका, कुणी काहीही सांगितलं तरी. सरळ घेऊन या." मिठाचं पाणी पाजून ओकवायचा घरगुती उपाय कुत्र्याच्या जिवावर उठू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. दवाखान्यात त्यांनी औषध देऊन तिला ओकवलं, मग सलाइन लावलं आणि क्रिएटिनिन तपासलं. ते ठीक आलं तरी सोडलं नाही. मूत्रपिंडाला इजा झाली तर ती लगेच दिसत नाही, एक-दोन दिवस जातात, म्हणून पुन्हा पुन्हा रक्त पाहिलं, लघवी किती होते तेही मोजलं. झिपरी वाचली. फोन उचलला गेला नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

त्या भेटीतच त्यांना तिच्या हृदयाच्या ठोक्यात काहीतरी वेगळं ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "हे माझ्या यंत्रांचं काम नाही. हृदयाची सोनोग्राफी ज्यांना चांगली येते त्यांच्याकडे पाठवते." चिठ्ठी दिली, समोर बसून फोन केला, आणि अहवाल आल्यावर स्वतः समजावून सांगितला. मोठ्या तपासण्यांसाठी नाशिककरांना अजून मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते. मुंबईत 2024पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं आहे, परळचं जुनं पेटिट रुग्णालय तर आहेच. पण आजारी कुत्रं घेऊन कसारा घाट कधी उतरायचा आणि कधी नाही, हे सांगणारा माणूस आपल्याला इथेच लागतो. "हे माझ्या यंत्रांचं काम नाही" हे वाक्य बाईंच्या तोंडून ऐकलं, तेव्हा माझा त्यांच्यावरचा विश्वास पक्का झाला.

त्या स्वस्त नाहीत. तपासण्यांचे पैसे होतात आणि ते आधी सांगतात, कोणती तपासणी आजच हवी आणि कोणती थांबली तर चालेल हेही सांगतात. न सांगता बिल हातात ठेवणाऱ्यापेक्षा मला हे परवडतं.

तुमच्या घरी कुत्रं किंवा मांजर असेल तर ते ठणठणीत असतानाच त्याला घेऊन एखाद्या दवाखान्यात जा. वजन करतात का ते बघा, औषधाचं नाव लिहून मागा, नोंदणी क्रमांक विचारा. आणि निघताना हेही विचारा, की रात्री नऊनंतर फोन केला तर कोण उचलेल. तो नंबर द्राक्षांचा हंगाम सुरू व्हायच्या आत फ्रीजच्या दारावर लावा.