विजेची डोंगरी सायकल

साठी उलटल्यावर आम्हीं विजेची डोंगरी सायकल घेतली. "जिना चढतांना कुरकुरणारे भावोजी आतां सिंहगड चढणार!" असें वहिनींनीं ऐकविलें. हिची २५० वॅटची मोटर पाय हलतील तोंवरच साहाय्य करते. वेग ताशीं २५ किलोमीटर झाला कीं तेंही बंद.

पहिल्या रविवारीं पुतण्यासह पुण्याहून निघालों. आरंभापासून मोटरीवरच भार टाकिल्यानें अर्ध्या घाटांत बॅटरी संपली. वीस किलोंहून जड तें धूड ढकलतांना आमची दमछाक झाली. पुतण्यानें कांहीं न बोलतां मागून हात लाविला, आणि प्रथमच आम्हीं तो झिडकारला नाहीं.

पुढील खेपेस बेतानें साहाय्य घेऊन गड गाठला. उतारवयांत आधार जरूर घ्यावा. आपले पाय मात्र थांबवूं नयेत.