शवासन सक्तीचं नाही

सगळ्यांत सोपं आसन कोणतं असं विचारलं, तर नवखा माणूससुद्धा शवासनाचं नाव घेतो. पाठ टेकायची, हातपाय सैल सोडायचे, डोळे मिटायचे. पुण्यात मी ज्या बायकांचा वर्ग घेते, त्यांतल्या कित्येकींना मात्र याच्याइतकं अवघड काही वाटत नाही. समुपदेशन केंद्रातून त्या माझ्याकडे येतात. कुणी वर्षानुवर्षं नवऱ्याचा मार खाल्लाय, कुणावर लहानपणी घरातल्याच माणसाने अत्याचार केलेत. उताणं पडायचं, दिवे मालवलेले, उशाशी कुणाच्या तरी पावलांचा आवाज. शांत वाटावं म्हणून आम्ही योगशिक्षक जे जे करतो, त्या प्रत्येक गोष्टीत त्यांच्या शरीराला धोका दिसतो.

धोका ओळखायला मेंदू विचारांची वाट पाहत नाही. छाती धडधडते, श्वास वरच्या वर अडकतो, अंग पळायच्या तयारीत येतं. पळता येणार नसेल तर ते थिजतं, बधिर होतं. थिजलेली बाई मॅटवर अगदी निवांत पडल्यासारखी दिसते आणि शिकवणाऱ्याला वाटतं, काय छान शवासन लागलंय! आमच्या कामातला हा सगळ्यांत मोठा चकवा आहे.

म्हणून ‘सौम्य योग’ म्हणजे हळू, मऊ, झोपून करायचा योग, ही समजूत मला मान्य नाही. लगाम कुणाच्या हातात आहे, यावर सौम्यपणा ठरतो. एक ताई वर्गात आल्या तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “मॅडम, मी भिंतीला टेकून बसले तर चालेल?” म्हटलं, “चालेल की. खुर्ची कुठे ठेवायची तेही तुम्हीच ठरवा.” त्यांनी खुर्ची अशी फिरवली की दारही दिसावं आणि मीही. बरेच दिवस त्या तिथूनच करत होत्या. पुढे एकदा वीरभद्रासनासाठी उभ्या राहिल्या. दोन्ही पावलांची बोटं आत वळवून मॅट घट्ट धरलेली. मी एवढंच म्हटलं, की हवं तर मागची टाच जमिनीत रोवून बघा, नको असेल तर राहू द्या. त्यांनी टाच रोवली. मग स्वतःहूनच पाय आणखी वीतभर लांब टाकला. करंगळीपासून एकेक बोट सुटत गेलं, मांडी थरथरायला लागली, तशा त्या म्हणाल्या, “अजून थोडं थांबते.” आसन चांगलंच कष्टाचं होतं, पण त्यात जायचं कधी, थांबायचं किती आणि बाहेर यायचं कधी, हे सगळं त्यांचं त्यांनी ठरवलेलं होतं. ज्यांच्या शरीराबाबत आजवर दुसऱ्यांनीच ठरवलं, त्यांच्यासाठी हे ठरवणं हाच मुख्य व्यायाम आहे, असं मी मानते.

या पद्धतीची नीट मांडणी झाली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रुकलाइनच्या ट्रॉमा सेंटरमध्ये. मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि योगशिक्षक डेव्हिड इमर्सन यांनी ती घडवली. २०१४ मध्ये त्यांच्या गटाने ६४ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आघातानंतरचा तणावविकार त्यांना वर्षानुवर्षं जडलेला होता आणि आधीच्या उपचारांनी पुरेसा फरक पडला नव्हता. निम्म्या जणींना दहा आठवडे, आठवड्यातून एक तास योग दिला. शेवटी त्यांतल्या निम्म्याहून किंचित जास्त जणी त्या निदानाच्या निकषांत बसेनाशा झाल्या. ज्या गटाला योगाऐवजी आरोग्यशिक्षण मिळालं, त्यात हे प्रमाण पाचांत एक होतं. अभ्यास छोटा आहे, आणि योग म्हणजे समुपदेशनाला किंवा औषधाला पर्याय नव्हे. माझ्या वर्गात कुणाची गोळी बंद करायचा विषय मी निघू देत नाही. आकड्यांपेक्षा मला त्यांची शिस्त महत्त्वाची वाटते: शिक्षकाने हात लावायचा नाही, आपली जागा सोडून पाठीमागे फिरायचं नाही, आणि काय घडलं होतं ते कधीही विचारायचं नाही.

प्रश्न विचारायचे तेही नेमके. ‘कसं वाटतंय?’ हा फार मोठा प्रश्न झाला. भूक लागली, थंडी वाजतेय, हेसुद्धा ज्यांना शरीराकडून कळेनासं झालंय, त्यांना तो गोंधळात टाकतो. ‘पोटरीला ताण कळतोय का?’ याला हो, नाही, माहीत नाही, यांतलं कुठलंही उत्तर चालतं.

श्वासाचंही तसंच. कुंभक मी घेतच नाही. कोंडलेला श्वास घाबरलेल्या श्वासासारखाच असतो. भस्त्रिकेच्या जोरकस श्वासाने धडधड वाढते, म्हणून तीही नाही. भ्रामरी घेते, पण कान उघडे ठेवून, डोळे उघडे ठेवून. गुणगुणताना बाहेर सोडायचा श्वास आपोआप लांबतो, तेवढं पुरतं.

पुण्यात योग शिकलेल्यांना साधनांचं अप्रूप नाही. इथे योग शिकवणारे बी. के. एस. अय्यंगार गुरुजी लहानपणी क्षयासह कितीतरी दुखण्यांनी खंगलेले होते. पुढे दोर, खुर्च्या, लाकडी विटा, लोड यांच्या आधाराने अशक्त माणसालाही आसनात थांबता येईल अशी सोय त्यांनी केली. तो वारसा मला रोज उपयोगी पडतो. फक्त पट्टा मी कपाटातच ठेवते. पट्ट्याचे वळ अंगावर घेतलेल्या बाईसमोर तो उलगडायची गरज नाही. पंच्याने काम भागतं.

नव्या शिक्षिका विचारतात, “पण ताई, गुडघा चुकत असेल तरी हात लावायचा नाही?” गुडघ्याला इजा होणार असेल तर मी तोंडाने स्पष्ट सांगते आणि स्वतः करून दाखवते. नुसताच दिसायला वाकडा असेल, तर राहू दे वाकडा.

सोसायटीच्या हॉलमध्ये, शाळेत, २१ जूनच्या योगदिनाच्या गर्दीतही यातलं बरंच जमण्यासारखं आहे, कारण अशा बायका आणि असे पुरुषही प्रत्येक वर्गात असतात. ते सांगत नाहीत एवढंच. दाराची वाट मोकळी ठेवा. दिवा मालवायच्या आधी सांगा. हात लावण्याआधी विचारा, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. शवासनाच्या वेळी कुणी बसून राहिलं, कुणी उठून मॅट गुंडाळायला लागलं, तर त्यांना गुंडाळू द्या.