मराठी 30

बारावीनंतर पुढे काय, या प्रश्नाला 1980च्या आसपास तालुक्याच्या गावी एक ठरलेलं उत्तर होतं: टायपिंग लाव. तिनंही लावलं. एस.टी. स्टँडच्या मागे इन्स्टिट्यूट होती, भिंतीला लागून यंत्रांची रांग, बॅचला एक तास आणि आठवड्याच्या शेवटी घड्याळ लावून स्पीड. मराठी 30, इंग्रजी 40, म्हणजे मिनिटाला इतके शब्द. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जाहिरातीत हीच अट असायची, अजूनही असते. त्यामुळे परीक्षेचं पूर्ण नाव कुणी घेत नसे. लग्नाच्या बैठकीत पाहुणे विचारत, "मराठी तीस झालंय का मुलीचं?" आणि हो म्हटलं की स्थळाच्या बाजूचे चेहरे जरा सैल होत.

मराठी यंत्र बोटांना शिकवावं लागे, डोक्यानं शिकून भागत नसे. मुळात रोमन लिपीसाठी बेतलेल्या तेवढ्याच कळांवर देवनागरीची जोडाक्षरं, मात्रा, रफार सगळं बसवलेलं. म्हणून अक्षरं बहुतेक अर्धी. 'प' हवा तर आधी अर्धा प आणि मग काना. ऱ्हस्व वेलांटी बोलताना अक्षरानंतर येते, पण कागदावर ती डावीकडे बसते, म्हणून यंत्रावर ती आधी मारायची. काही कळा दाबल्या तरी गाडा जागचा हलत नसे. 'किती' लिहिताना बोटं 'इ-क-त-ई' अशा क्रमानं चालत आणि वर्षभरात हे इतकं मुरे, की विचारात पडलं तर उलट चुकायला होई. शिकवणारे सर कळांवर पुठ्ठा आडवा धरत. बघून टाइप करणं ही त्यांच्या लेखी चोरीच होती.

नोकरी एका सहकारी संस्थेत लागली. तिथं मजकूर साहेबांचा, सही साहेबांची, तिची फक्त अक्षरं आणि खाली डाव्या कोपऱ्यात आद्याक्षरं. चार कार्बन लावले की शेवटची प्रत फिकट येई, म्हणून कळ जोरात मारायची. संध्याकाळी करंगळी ठणकत असे. सभेची नोटीस शेकडो सभासदांना जायची असेल तर स्टेन्सिल कापायचं. रिबन बाजूला सारून मेणाच्या कागदावर नुसती खिळ्यांची धार उठवायची, चुकलं तर लाल द्रव लावून फुंकर घालत बसायचं, मग सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवायला शिपाईदादांना हाक. चूक महाग होती, त्यामुळे लोक मजकूर आधी नीट ठरवून मगच टंकायला देत. कच्चा खर्डा आणून "बाई, बघा जरा, नंतर बदलू" असं म्हणायची सोय कुणालाच नव्हती. संगणकानं पहिल्यांदा काय बदललं, तर हे. दुरुस्ती फुकट झाली आणि दुरुस्त्यांना अंत राहिला नाही.

लग्नानंतर ती पुण्याला आली, ते नव्वदचं दशक. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, सदाशिव-नारायण पेठेच्या बोळांतून छापखान्यांचे खिळे भंगारात निघत होते आणि जिन्याखाली, वाड्यांच्या पडव्यांत 'डीटीपी'च्या पाट्या लागत होत्या. देवनागरी संगणकावर आणण्याचं बरंच काम याच शहरात झालं. 1988 साली स्थापन झालेल्या सीडॅकनं आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान पुढे नेलं. मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपीही पुण्याचीच. सरकारनं 1986 मध्ये इन्स्क्रिप्ट नावाचा नवा कळफलक ठरवला होता, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. तो तर्कशुद्ध आहे, उच्चाराच्या क्रमानं चालतो आणि एकदा आला की बहुतेक भारतीय लिप्यांना पुरतो. तरीही डीटीपीच्या खुर्चीवर बसलेल्या बहुतेकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, कारण ती सगळी माणसं टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आलेली होती. सॉफ्टवेअर विकायचं तर त्यात जुन्या टाइपरायटरच्या कळांचा 'रेमिंग्टन' हा पर्याय द्यावाच लागला. पडद्यावर गाडा नाही, रिबन नाही, कागदाला जागाच नाही, पण वेलांटी आधी मारायचीच. जुन्या लोखंडी यंत्राची अडचण नव्या यंत्रात अशी सुखानं नांदू लागली, आणि तिच्या बोटांना पुन्हा काही शिकावं लागलं नाही.

काम मात्र वेगळं होतं. पेजमेकरमध्ये पानं लावायची, ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंट काढून ऑफसेटवाल्याकडे पाठवायची, लेखकमहाशय प्रूफावर नवा परिच्छेद चिकटवून आणत तो सोसायचा. मोठी फाइल छापायला गेली की प्रिंटर बराच वेळ गुरगुरत राही. त्या वेळात ती सॉलिटेअर खेळे. विंडोज 3.0 बरोबर 1990 मध्ये हा पत्त्यांचा डाव घरोघरी गेला. मायक्रोसॉफ्टमधल्या वेस चेरी नावाच्या इंटर्ननं तो लिहिला होता. पान धरून ओढायचं आणि दुसऱ्या पानावर सोडायचं, हे माउसचं कसब कितीतरी जणांच्या हातात या खेळानंच आलं. टाइपरायटरवर खेळता येत नसे. काम थांबलं की यंत्रावर झाकण घालून माणूस उठे, चहाला जाई, बाकावर बसलेल्याशी बोले. आता विसावा त्याच खुर्चीत, त्याच पडद्यावर आणि त्याच मनगटाच्या जोरावर होऊ लागला.

त्या वर्षांत तिनं काय काय टाइप केलं असेल! दिवाळी अंक, लग्नपत्रिका, पीएच.डी.चे प्रबंध, पतसंस्थांचे अहवाल, एखाद्या निवृत्त मास्तरांचं स्वखर्चानं काढलेलं आत्मचरित्र. यातलं बरंच आज उघडत नाही. प्रत्येक कंपनीनं आपापल्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मनाला येईल तसे देवनागरीचे तुकडे बसवले होते. तो विशिष्ट फाँट नसेल तर फाइलमध्ये नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. सॉफ्टवेअर चालायला संगणकाच्या मागे डोंगल नावाचं कुलूप लावावं लागे, ते हरवलं की आणखी पंचाईत. पूर्वीचं कार्बनचं फिकट पान मात्र अजून वाचता येतं. मराठीची छपाई संगणकावर आली ती वर्षंच संगणकाला सर्वांत अगम्य व्हावीत, ही गोष्ट आपण फारच सहज घेतली आहे.

यावर उपाय होता युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक. त्याची पहिली आवृत्ती 1991ची, पण सामान्य मराठी माणसाच्या टेबलावर तो विंडोज एक्सपीबरोबर पोचला, तोही सीडी घालून भारतीय लिप्यांचा पर्याय चालू केल्यावर. सोबत र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल हा फाँट आला. तिला तो छपाईला कधीच आवडला नाही, तरी दुसऱ्याच्या संगणकावर आपली अक्षरं जशीच्या तशी उघडलेली पाहून ती खूश झाली. काही गोष्टी उशिरानं आल्या. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली दाखल झालं. तोवर ॲडव्होकेट आणि ॲम्ब्युलन्सची अक्षरओळख डगमगतीच होती. पेजमेकरला युनिकोड देवनागरी जमत नव्हती, इनडिझाइननं 2012च्या सीएस6 आवृत्तीत ती आपलीशी केली. म्हणून छापखाने जुने फाँट धरून बसले आणि बाकी जग पुढे गेलं.

पुढे गेलं म्हणजे, टाइप करू लागलं. राज्य सरकारच्या पुढाकारानं 2001 मध्ये एमकेसीएल उभी राहिली, एमएस-सीआयटीचे संगणक-वर्ग गावोगावी निघाले आणि ज्यांच्यासाठी ती एकेकाळी पत्रं टंकत असे त्या वयाचे साहेब माउस हातात धरायला शिकले. मग ईमेल आली, साहेब आपली पत्रं आपणच लिहू लागले. लेखक मजकूर टाइप करूनच पाठवू लागले. तिच्याकडे उरलं ते जुन्या फाँटातून नव्यात रूपांतर करणं आणि त्यात मोडलेली जोडाक्षरं वेचणं. टंकलेखकाची जागा गेली म्हणतात. खरं तर ती सगळ्यांना वाटून दिली गेली, बिनपगारी. प्राध्यापक उपस्थिती भरतात, नर्स नोंदी भरतात, ग्राहक स्वतःचं तिकीट स्वतः काढतो, आणि यातलं बरंचसं कामाच्या तासांत धरलं जात नाही. तिच्या वेळी निदान स्पीडचं प्रमाणपत्र तरी मिळायचं.

2017 मध्ये गूगलचं बोलून टाइप करणं मराठीत आलं. तिचा भाचा आता निबंधसुद्धा फोनशी बोलून लिहितो आणि तिच्याकडे पाहून हसतो, "मावशी, अजून बोटं बडवतेस?" ती बडवते. दुपारी जेवणं आटोपली की ती मराठी विकिस्रोत उघडते. स्कॅन केलेली जुनी पुस्तकं तिथं पानापानानं मुद्रितशोधनासाठी ठेवलेली असतात. एकानं तपासलेलं पान पिवळं होतं, दुसऱ्या कुणी पुन्हा तपासलं की हिरवं. साने गुरुजींचीच पुस्तकं घ्या. ते 1950 मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं प्रताधिकार असतो, म्हणून 2011 पासून त्यांचं लेखन कुणालाही असं घेता येतं. पैसे नाहीत, साहेब नाही, तातडी नाही. करमणूक म्हणून ती तेच करते ज्याचा तिला एकेकाळी पगार मिळत होता, आणि वर म्हणते की टीव्हीपेक्षा बरं.

अडचण एकच. 1962च्या शुद्धलेखन नियमांआधी छापलेल्या पुस्तकांत 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार असतात आणि ते मूळ पानाप्रमाणे ठेवायचे असतात. तिची बोटं मात्र नव्या नियमांत वाढलेली. ओळ वाचून डोळा पुढे सरकतो आणि हात आपसूक अनुस्वार गाळून जातो. मग मागे येऊन एकेक टिंब देत बसायचं. परवा तिनं पिवळं केलेलं एक पान कुणीतरी हिरवं न करता तसंच सोडलं आणि खाली लिहिलं की तिसऱ्या ओळीत दोन अनुस्वार राहिलेत. तिनं पान पुन्हा उघडलं. दोन नव्हे, तीन राहिले होते.