बुद्धीच्या खुणा आणि चारचौघांतला धीर

मराठी घरांत मुलाच्या बुद्धीचा निवाडा पुष्कळदा शाळेचे प्रगतिपुस्तक हाती येण्याच्या आधीच, पाहुण्यांसमोर होऊन गेलेला असतो. जे मूल विचारल्याबरोबर नाव सांगते, न लाजता कविता म्हणते आणि मोठ्यांच्या बोलण्यात नेमका शब्द टाकते ते चुणचुणीत ठरते. जे आईच्या मागे उभे राहून उत्तर जुळवत बसते ते घुमे किंवा मुखदुर्बळ ठरते, आणि पुढची दहा-बारा वर्षे शिक्षक, नातेवाईक व शेवटी ते मूल स्वतःही याच निवाड्याला पुरावे जमवत राहते. बुद्धिमापनाचे काम करणाऱ्यांकडे येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न ‘याचा बुद्ध्यंक किती’ हा असतो आणि लगेच दुसरा ‘याला धीट कसे करायचे’ हा असतो. रोजच्या जगण्यातील बुद्धीच्या खुणा सांगाव्यात, अशी या अंकाच्या संपादकांची अपेक्षा आहे. परंतु धिटाई आणि हुशारी यांची समाजाने केलेली गल्लत आधी सोडवल्याशिवाय त्या खुणांविषयी काहीही धडपणे सांगता येत नाही.

बुद्धी मापण्याचा पहिला उपयुक्त प्रयत्न ज्याने केला, त्या आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाला चुणचुणीतपणा मोजायचा नव्हता. फ्रान्सच्या शिक्षणखात्याने १९०४ मध्ये नेमलेल्या आयोगापुढचा प्रश्न असा होता की, सर्वसाधारण शाळेत मागे पडणाऱ्या आणि वेगळ्या साहाय्याची गरज असणाऱ्या मुलांना ओळखायचे कसे. त्यासाठी बिने आणि त्याचा सहकारी तेओदोर सिमों यांनी १९०५ मध्ये सोप्याकडून कठीणाकडे जाणाऱ्या तीस प्रश्नांची मालिका तयार केली. बुद्धी म्हणजे काय हे सांगताना बिनेने चार व्यापार एकत्र मांडले: समोरची गोष्ट समजून घेणे, नवा मार्ग कल्पिणे, हाती घेतलेल्या कामाची दिशा न सोडणे आणि आपण केले ते बरोबर आहे की नाही याची स्वतःच तपासणी करणे. यांतील चौथा व्यापार, म्हणजे आपल्याच उत्तराकडे परक्या नजरेने पाहणे, येथे सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो हटकून संकोचासारखा दिसतो. तपासून बोलणारे मूल थांबते, आणि थांबलेले मूल अडले आहे असे समजले जाते.

बिनेच्या चाचणीचे कन्नड आणि मराठी भाषक मुलांसाठीचे रूप व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला तयार केले आणि ‘बिने-कामत’ या नावाने ते महाराष्ट्रातील मानसशास्त्रज्ञांच्या पिढ्यांना परिचित आहे. अशा चाचणीतून निघणारा बुद्ध्यंक हा वजनकाट्यावरच्या किलोसारखा आकडा नसून समवयस्कांच्या रांगेतील स्थान दाखवणारा आकडा आहे. आजच्या बहुतेक चाचण्यांत सरासरी १०० मानलेली असते आणि गुणांचा पसरट­पणा दाखवणारे प्रमाण विचलन १५ असते, म्हणजे दर तीन माणसांपैकी सुमारे दोन ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतात. शिवाय प्रत्येक मापनात काही गुणांची चूक गृहीतच धरावी लागते. तरीही एका भावाचा १०८ आणि दुसऱ्याचा १०४ आला की घरात दोघांची प्रतवारी लागते, हे पाहून या क्षेत्रातील माणसाला शीण येतो. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी राशी आहे या मताला खुद्द बिनेने १९०९ च्या आपल्या पुस्तकात कळकळीने विरोध केला होता. त्याचे प्रश्न जगभर गेले, विरोध मात्र मागे राहिला.

बुद्धी कामात असताना कशी दिसते हे पाहायचे असेल, तर ठोकळे सरकवण्याच्या चाचणीइतके चांगले ठिकाण क्वचित सापडेल. अलेक्झांडर या मानसशास्त्रज्ञाने तयार केलेली ही चाचणी सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या कृतिचाचणीसंचात घेतली, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलांनाही ती देता येते. एका उथळ खोक्याची एक कड लाल आणि समोरची निळी असते. लाल ठोकळे निळ्या कडेला व निळे लाल कडेला मांडलेले असतात, आणि एकही ठोकळा न उचलता, केवळ रिकाम्या जागेत सरकवत सरकवत, लाल ठोकळे लाल कडेपाशी आणायचे असतात. काही मुले सूचना संपण्याआधीच बोटे घालतात, ठोकळे इकडून तिकडे वेगाने फिरवतात आणि अडले की हळूच एक ठोकळा उचलू पाहतात. काही मुले हात मांडीवर ठेवून रिकाम्या चौकोनाकडे पाहत राहतात, एक ठोकळा अर्धा सरकवून परत जागेवर आणतात आणि मग चार-पाच हालचाली सलग करतात. लागलेला वेळ गुणांत धरला जात असल्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या मुलाचे गुण कधीकधी कमी भरतात. परंतु तो अर्धा सरकवून मागे घेतलेला ठोकळा म्हणजे बिनेचा चौथा व्यापार डोळ्यांसमोर घडताना दिसणे होय, आणि गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नाही.

मग समोरचा माणूस हुशार आहे की नाही हे लोक ठरवतात कशावरून? या प्रश्नाचा अभ्यास करण्याची उत्तम चौकट एगॉन ब्रुन्सविक या मानसशास्त्रज्ञाने दिली. त्याच्या मते आपल्याला दुसऱ्याचा गुण थेट दिसत नाही. आवाज, नजर, शब्द, वेग अशा खुणांतून तो अंदाजावा लागतो. म्हणून प्रत्येक खुणेबाबत दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात: त्या गुणाशी खुणेचा खरोखर किती संबंध आहे, म्हणजे खुणेची वैधता किती, आणि पाहणारा तिच्यावर किती भर देतो, म्हणजे खुणेचा वापर किती. वैधता आणि वापर जुळले तर अंदाज बरोबर येतो, न जुळले तर पाहणारा आत्मविश्वासाने चुकतो. संभाषणांच्या चित्रफिती दाखवून घेतलेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, जोडीदाराच्या बोलण्याला दाद देत बोलणे आणि बोलताना त्याच्याकडे पाहणे या वर्तनांचा मोजलेल्या बुद्धीशी संबंध आढळला, म्हणजे परक्यांचे सगळेच अंदाज वाऱ्यावरचे नसतात. उलट, २००९ मध्ये अँडरसन आणि किल्डफ यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गणिताचे प्रश्न सोडवणाऱ्या गटांमध्ये जे पुढाकाराने बोलले ते सोबत्यांना अधिक कर्तबगार वाटले, जरी त्यांची गणिते इतरांपेक्षा सरस नव्हती. गटाने बहुतेक वेळा स्वीकारलेले उत्तर हे केवळ प्रथम उच्चारले गेलेले उत्तर होते. महाराष्ट्रातील कोणत्याही सोसायटीच्या वार्षिक सभेत बसलेल्या माणसाला हा निष्कर्ष ओळखीचा वाटेल.

ज्या खुणांवर अधिक भर द्यावा असे या विषयाच्या अभ्यासकाला वाटते, त्या मोठ्याने बोलत नाहीत. ‘समजले नाही’ एवढेच न म्हणता ‘इथपर्यंत समजले, याच्या पुढचे समजले नाही’ असे सांगता येणे, ही त्यांतील सर्वांत भरवशाची खूण मानावी, कारण स्वतःच्या आकलनाची हद्द दिसल्याशिवाय हे वाक्य तयारच होत नाही. रीत चुकते आहे हे ओळखून तीच रीत अधिक जोराने न लावता दुसरी शोधणे, एका विषयात शिकलेले दुसऱ्या विषयात न सांगता वापरणे आणि ऐकणाऱ्याला काय ठाऊक नाही याचा अंदाज घेऊन पत्ता समजावून सांगणे, या गोष्टीही त्याच जातीच्या आहेत. इंग्रजीचा सराईतपणा, पाठांतर आणि हजरजबाबीपणा यांना किंमत नाही असे नव्हे. पण त्यांत घरचे वातावरण, शाळेचे माध्यम आणि बोलण्याचा सराव यांचा वाटा इतका मोठा असतो की त्यांवरून बुद्धीचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

येथे संकोचाच्या प्रश्नाकडे वळता येते, कारण भिडस्त माणसात तपासणीची शक्ती कमी नसते. ती भलत्या जागी लागलेली असते. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार, समाजात वावरण्याची तीव्र भीती असलेल्या माणसाचे लक्ष संभाषण सुरू होताच विषयावरून उडून स्वतःवर खिळते: आवाज कापतो आहे का, कान लाल झाले का, लोकांना आपण कसे दिसतो आहोत. मग तो बचावाचे उपाय योजतो, म्हणजे वाक्य मनात तीनदा घोकून मगच उच्चारतो, नजर टाळतो किंवा शेवटच्या रांगेत बसतो; आणि या खटाटोपात मन गुंतल्यामुळे समोरचा काय म्हणाला हे खरोखरच निसटते. जी तपासणी उत्तरावर चालली तर बुद्धीचे काम करते, तीच स्वतःच्या प्रतिमेवर चालू लागली की माणसाला मठ्ठ भासवते. म्हणून संकोचावरील उपचाराचा गाभा धैर्य भरण्यात नसून लक्ष बाहेर वळवण्यात आहे.

नेमकी उलट शिकवण उन्हाळी सुट्टीतल्या अनेक व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांत दिली जाते, आणि त्या शिकवणीचा आधारस्तंभ असलेल्या एका आकडेवारीविषयी येथे सविस्तर लिहिणे भाग आहे. संवादात शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि हावभावांचा ५५ टक्के असतो, असे फळ्यावर लिहून दिले जाते. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील दोन छोट्या प्रयोगांतून आलेले आहेत. पहिल्यात सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून बोलणाऱ्याची भावना ओळखायला सांगितली होती. दुसऱ्यात ‘कदाचित’ या अर्थाचा एकच शब्द आवडीच्या, नावडीच्या व तटस्थ स्वरात ध्वनिमुद्रित करून चेहऱ्याच्या छायाचित्रांसह सादर केला होता. दोन्ही प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून ही तीन प्रमाणे काढली गेली, आणि त्यांचा अर्थ इतकाच की, शब्द एक सांगत असतील आणि चेहरा दुसरे, तर समोरच्याला आपण आवडतो की नाही हे ओळखताना माणूस चेहऱ्यावर अधिक विश्वास ठेवतो. भावना व आवडनिवड यांपलीकडे हे समीकरण लागू नाही, असे स्वतः मेहराबियन यांनीच स्पष्ट केलेले आहे. पाण्याचे बिल का वाढले, हे ९३ टक्के आवाज आणि हावभावांनी सांगता येत नाही, ही साधी गोष्ट इतक्या वर्षांत कोणाला खटकू नये याचे या क्षेत्रातील माणसाला दुःख होते. आणि हानी केवळ तात्त्विक नाही: हात कोठे ठेवले, खांदे ताठ आहेत का, स्मित पुरेसे आहे का, याकडे लक्ष द्यायला सांगणे म्हणजे आधीच स्वतःवर खिळलेल्या मुलाला तेथेच आणखी घट्ट बांधणे होय.

उपयोगी पडणाऱ्या वाटा कमी गाजावाजाच्या आहेत. कॉर्नेल विद्यापीठातील प्रयोगात, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत गेलेल्या विद्यार्थ्यांना निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल असे वाटले. प्रत्यक्षात सुमारे चौथ्या हिश्श्याच्याच तो लक्षात होता. २००३ मधील दुसऱ्या एका प्रयोगात, आतली धडधड बाहेर वाटते तितकी दिसत नाही एवढी माहिती भाषणापूर्वी दिली गेलेल्यांची भाषणे इतरांपेक्षा चांगली झाली. अल्बर्ट बांडुरा यांच्या मते ‘हे मला जमेल’ या विश्वासाचा सर्वांत बळकट स्रोत प्रत्यक्ष जमल्याचा अनुभव हाच असतो, दुसऱ्याने दिलेला दिलासा त्याच्या बराच खाली येतो. म्हणून दुकानात सुटे मागणे, बसमध्ये अनोळखी माणसाला थांबा विचारणे, वर्गात एक प्रश्न विचारणे अशा चढत्या पायऱ्या आखाव्या लागतात. अल्बर्ट एलिस यांच्या, आणि मुंबईच्या किशोर फडके यांनी भारतात रुजवलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीत तर मुद्दाम हास्यास्पद वागून, लोक हसले तरी आपले काही बिघडत नाही, याचा अनुभव घ्यायला लावतात.

तरीही या सर्व उपायांपाशी एक शंका उरते आणि ती दडवून ठेवणे योग्य नाही. अमेरिकेतील विद्यार्थ्याला ‘तुला वाटते तितके कोणी पाहत नाही’ असे सांगणे सत्य असेल. परंतु नंदुरबार किंवा गडचिरोलीहून पुण्याच्या महाविद्यालयात आलेल्या मुलीने ‘पानी’ म्हटल्यावर बाके खरोखरच हसतात, आणि तिची भीती ही विचारांतील चूक नसून अचूक निरीक्षण असते. तिला लक्ष बाहेर वळवायला शिकवले तर तिला ते हसू अधिक स्पष्ट ऐकू येईल. अशा ठिकाणी उपचार तिच्यावर करून भागत नाही, वर्गाची रीत बदलावी लागते, आणि ती बदलता येते याचा पुरावा मेरी बड रो यांच्या १९७० च्या दशकातील निरीक्षणांत आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असे त्यांना आढळले. तो विराम तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरे लांबली, गप्प राहणारी मुले बोलू लागली आणि ज्यांना मंद समजले जात होते त्यांच्याविषयी शिक्षकांचे मतही बदलू लागले. या विरामासोबत, प्रत्येकाने उत्तर आधी वहीत लिहावे, मग शेजाऱ्याला सांगावे आणि त्यानंतरच वर्गापुढे मांडावे, आणि पहिला हात वर करणाऱ्याला पहिली संधी मिळू नये, एवढे नियम शिक्षकांनी पाळले, तर त्या मुलीच्या उच्चारावर हसायला वर्गाला सवड राहणार नाही, कारण तोवर तिचे उत्तर शेजारणीच्या वहीतही पोहोचलेले असेल.