विश्रांतवाडीहून वढूकडे : गावाच्या डॉक्टरची वाट

आपण पुण्याच्या उत्तरेकडे राहत असाल, तर विश्रांतवाडीचा चौक आपल्याला नवा नाही. येरवड्याकडून येणारा रस्ता येथे पोहोचतो आणि पुढे आळंदी, धानोरी, टिंगरेनगर अशा वाटा फुटतात. ज्येष्ठ वद्यात ज्ञानोबांची पालखी दिघी-कळसकडून येऊन याच रस्त्याने पुण्यात शिरते. त्या दिवशी वारकऱ्यांच्या पायांना तेल लावणारे, फोडांवर मलमपट्टी करणारे हात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतात. एरवी मात्र हा गजबजलेल्या उपनगराचा चौक असतो. औषधांची दुकाने, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळा, दातांचे, डोळ्यांचे, हाडांचे वेगवेगळे दवाखाने, आणि अधूनमधून लोहगावच्या विमानांचा आवाज.

या भागात निवृत्तांची वस्ती मोठी आहे. लष्करात, हवाई दलात, संरक्षण खात्याच्या आस्थापनांत आयुष्य घालवून अनेकांनी येथे घर केले. पण मूळ गाव सुटत नाही. उन्हाळ्यात, जत्रेला, शेताच्या वाटणीला, आजारी भावाला पाहायला आपण गावी जातोच. काहींचे नव्वदीतले आईवडील अजून गावीच असतात आणि ‘काही झाले तर तिथे कोण पाहील?’ ही चिंता मुलांना इथे झोपू देत नाही. त्या चिंतेचे उत्तर एका माणसापाशी असते : प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर. तो कसा घडतो, हे आपण क्वचितच विचारतो.

ते पाहायचे असेल तर एक सकाळ काढावी आणि धानोरी-लोहगाव मार्गे वाघोलीला नगर रस्ता धरावा. लोणीकंद, पेरणे मागे टाकून भीमा ओलांडली की कोरेगाव भीमा लागते आणि तेथून डावीकडे वळले की वढू बुद्रुक. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव सर्वांना ठाऊक आहे. विश्रांतवाडीपासून जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर. आरोग्याच्या इतिहासातही या गावाला स्थान आहे, ते मात्र फार थोड्यांना माहीत असते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात या परिसरात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. शहरातील एका लहान प्रसूतिगृहाचे मोठे रुग्णालय करणाऱ्या या बाईंना दिसत होते, की रुग्ण रुग्णालयात पोहोचतो तोवर बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून त्यांनी गावातील स्त्रियांनाच आरोग्याचे शिक्षण दिले आणि रुग्णालय गावाच्या दिशेने चालत नेले. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वढू आणि आसपासच्या गावांतील कुटुंबांच्या आरोग्याची नोंद आजही पद्धतशीरपणे ठेवली जाते. एवढ्या जवळच्या गावासाठीही डॉक्टरांना वेगळी दृष्टी शिकावी लागली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

शहरातील वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी यंत्रांच्या सहवासात वाढतो. संशय आला की सोनोग्राफी, नाही तर सीटी स्कॅन, नाही तर वरिष्ठांना हाक. एमबीबीएसनंतरच्या वर्षभराच्या आंतरवासितेत बारा आठवडे सामाजिक वैद्यकशास्त्रासाठी राखलेले असतात. त्यात तो गाव पाहतो, पण गावाचा भार त्याच्या खांद्यावर येत नाही. तो येतो पुढे. सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्यांना एक वर्ष सेवा बंधनकारक आहे. पूर्वी अनेक वर्षे दहा लाख रुपये भरून त्यातून सुटका करून घेता येत असे आणि पुष्कळांनी ती करून घेतली. मला यात त्या मुलांपेक्षा व्यवस्थेचा दोष अधिक वाटतो. सपाट प्रदेशात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा मापदंड आहे. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाला, त्याच्या पाठीशी अनुभवी माणूस न देता, अशा केंद्रात बसवणे म्हणजे पोहायला शिकवण्याआधी विहिरीत ढकलणे होय.

ज्यांनी ही विद्या मिळवली, त्यांनी ती मुद्दाम मिळवली. डॉ. रवींद्र कोल्हे १९८०च्या दशकात मेळघाटातील बैरागडला गेले. तेथे टिकायचे तर सोनोग्राफी आणि रक्तपेढी नसताना प्रसूती करता आली पाहिजे, एक्स-रेशिवाय न्यूमोनिया ओळखता आला पाहिजे आणि अतिसारावर उपचार करता आले पाहिजेत, हे त्यांनी आधीच जाणले होते. तेवढेही पुरत नाही असे दिसल्यावर ते पुन्हा शिकायला परतले आणि एम.डी. होऊन मेळघाटात गेले. पुढे त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता कोल्हे याही त्या कामात आल्या.

दुसरे उदाहरण पुण्याच्या अधिक जवळचे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे, लहान मुले डोळ्यांदेखत दगावत. पुस्तकात उत्तर नव्हते. ते रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले आणि हृदय व फुप्फुसांवर नेमके काय घडते ते त्यांनी मांडले. मग पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात एम.डी. करून ते पुन्हा कोकणात गेले. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले आणि मृत्यू झपाट्याने घटले. ‘लॅन्सेट’सारख्या जागतिक नियतकालिकाने त्यांचे लेखन छापले. गावच्या केंद्रातून ज्ञान शहराकडे गेल्याचे याहून ठळक उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

अशी माणसे योगायोगाने नव्हे, तर ठरवून घडवता येतील का? वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये जे महाविद्यालय सुरू केले, तेथे आरंभापासून प्रयत्न झाला. नवा विद्यार्थी आधी आश्रमात राहतो. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेऊन तेथील घराघरांशी वर्षानुवर्षे संबंध ठेवते. आता देशभरच्या महाविद्यालयांत विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घ्यावीत असा नियम आला आहे आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. परदेशातही हाच प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्याने २००७ पासून ग्रामीण डॉक्टरसाठी स्वतंत्र शिक्षणमार्ग आखला. त्यात सर्वसाधारण वैद्यकाबरोबर भूल देणे किंवा बाळंतपण यांसारखे एखादे विशेष कौशल्य शिकवले जाते आणि त्या कौशल्याला मान व वेतनही मिळते. आपल्याकडे ‘गावात गेला म्हणजे मागे पडला’ हा समज अजून पुसलेला नाही. सुना-जावई शोधताना आपणही तो बाळगतो, हे वाचकांनी मनाशी तपासून पाहावे.

वयस्कर माणसाला तर असाच डॉक्टर अधिक उपयोगी पडतो. सत्तरीनंतर हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. केवळ धाप, अशक्तपणा किंवा अचानक आलेला गोंधळ एवढेच दिसते. न्यूमोनियात ताप नसतोही. अशा वेळी माणसाकडे नीट पाहणारा, मिनिटाला श्वास किती ते मोजणारा आणि ‘कालपर्यंत आजी कशा होत्या?’ असे घरच्यांना विचारणारा डॉक्टर मोलाचा ठरतो. शहरात पाच तज्ज्ञांनी दिलेल्या बारा गोळ्या एकत्र मांडून त्यातली कोणती दुसरीशी भांडते आहे, हे पाहण्याची सवयही त्याला असते.

तेव्हा यंदा गावी निघताना, आपण किंवा आपण ज्यांची काळजी घेता ती ज्येष्ठ मंडळी, चालू औषधांची नावे, मात्रा आणि वेळा एका कागदावर लिहून घ्या. शेवटचा ईसीजी व रक्ततपासणीचा अहवाल सोबत ठेवा. कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठले होते, तेही लिहा. गावी पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात, काही दुखत नसतानाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा जाऊन या. डॉक्टर रात्री मुक्कामी असतात का आणि पुढचे ग्रामीण रुग्णालय किती दूर आहे, हे आशाताईंना विचारा. १०८ हा क्रमांक घरातल्या सर्वांना पाठ असावा. डॉक्टर नातवाच्या वयाचा दिसला तरी त्याला ‘अहो डॉक्टर’ म्हणा आणि त्याने तपासताना मध्येच पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांचे नाव काढू नका. त्याने लिहिलेली चिठ्ठी वहीत चिकटवून ठेवा. त्याचे वर्ष संपून दुसरा येईल, तेव्हा नव्या डॉक्टरला पहिली माहिती त्या वहीतूनच मिळेल.