दोन पावलांचे माप

इंदूरला मी गेलो तो मोजड्या शिवून घेण्यासाठी नव्हे. उदयनगर येथे धन्य राणी मारिया यांच्या समाधीपाशी प्रार्थना करावी, हा पुष्कळ दिवसांचा संकल्प होता. मोजड्यांचे काम आमच्या सिस्टरांनी गळ्यात घातले. त्या पूर्वी माळव्यात सेवेला होत्या. तेथील मटकी नृत्य त्यांनी आमच्या धर्मग्रामातील आठ मुलींना शिकविले आणि चर्चच्या सणाला ते सादर करावयाचे ठरले. सात जणींना बाजारच्या मोजड्या बेताच्या बसल्या. आठवीचे एक पाऊल जन्मतः आत वळलेले होते. प्लास्टर घालून ते सरळ झाले, तरी दुसऱ्याहून आखूड राहिले. ताल धरताच त्या पायातली मोजडी निसटून जाई. ‘मी पडद्यामागेच राहते,’ असे ती म्हणू लागली, तेव्हा सिस्टरांनी वर्तमानपत्रावर तिची दोन्ही पावले आखून ती गुंडाळी माझ्या पिशवीत घातली.

मराठी माणसास इंदूर परके वाटत नाही. होळकरांचा सातमजली राजवाडा आजही चौकावर नजर ठेवून उभा आहे. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. १९८४ च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला व पुढे तो पुन्हा उभारण्यात आला. त्याच्या आसपासच्या एका अरुंद गल्लीत मला हवा तो कारागीर भेटला. वय साठीच्या घरात, मांडीवर चामडे, हाताशी रापी, आरी आणि मेण लावलेला दोरा. त्याने सांगितलेल्या भावात मी घासाघीस केली, हे येथे कबूल करून टाकतो.

मोजडीस मुळात डावे-उजवे नसते, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. दोन्ही एकाच आकाराच्या कापतात. घालणाऱ्याचा पाय हळूहळू त्यांस डावे-उजवे करतो. आमच्या कामात ती रीत चालणार नव्हती. त्याने कागद जमिनीवर पसरले, वीत लावून पाहिली आणि मान वर केली.

“बाबूजी, कागदावर मुलगी नुसती उभी आहे. नाचताना भार कोणत्या पायावर घेते? गिरकी कोणत्या पायावर?”

मला ठाऊक नव्हते. तीन वर्षे ती माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात येत होती. उभी राहिली की भिंतीला टेके, आणि ‘सरळ उभी राहा’ म्हणून मी तिला एकदा नव्हे, अनेकदा दटावले होते. एका अनोळखी माणसाने कागदाकडे पाहून जे विचारले, ते मी तिच्याकडे पाहून कधी विचारले नाही. सिस्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, संध्याकाळच्या सरावात नीट पाहून सांगते.

तोवर वेळ काढणे भाग होते. खान नदीकाठच्या कृष्णपुरा छत्र्या पाहिल्या. तेथून बंबई बाजाराकडे वळलो. उस्ताद अमीर खाँ यांचे नाव या वस्तीशी जोडलेले आहे. लता मंगेशकर यांचाही जन्म १९२९ साली याच शहरातला. रात्री सराफ्यात गेलो. दिवसा येथे सोने तोलतात. दुकाने मिटली की त्याच फळ्यांपुढे कढया चढतात. भुट्ट्याचा कीस खात उभा असताना सिस्टरांचा फोन आला. गिरकी आखूड पायावरच घेते, असे त्यांनी सांगितले. “तोच पाय तिला अधिक विश्वासाचा वाटतो म्हणे, फादर.”

सकाळी हे ऐकून कारागीर हसला नाही. त्या मोजडीस आतून दुहेरी तळ व टाचेला उंच काठ लागेल, आणखी दोन दिवस द्या, एवढेच म्हणाला. ते दोन दिवस मी उदयनगरला काढले. गरीब शेतमजुरांची बाजू घेतली म्हणून राणी मारियांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये त्यांना धन्य घोषित करण्यात आले. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्यास राखी बांधली होती. समाधीपाशी मी बराच वेळ बसलो. प्रार्थनेत ती भिंतीला टेकलेली मुलगी पुन्हा पुन्हा येत राहिली.

परत आलो तो जोड तयार होता. आखूड पायाच्या मोजडीत टाचेशी तांबड्या दोऱ्याचा एक टाका होता, घाईत अदलाबदल होऊ नये म्हणून. मी त्याचा पहिला भाव त्याच्या हातावर ठेवला. त्याने ठरल्याहून अधिक पैसे परत केले. मी ते त्याच्या रापीखाली ठेवून निघालो. (चर्मकारांचे आश्रयदाते संत क्रिस्पिन यांचा सण २५ ऑक्टोबरला येतो. इतक्या वर्षांत त्या दिवशी मी एकाही चांभाराची आठवण मिस्सेत केलेली नाही.) त्याने मागून हाक मारून सांगितले, “नाचापूर्वी आठ दिवस रोज घालून फिरू द्या. चामडे आधी पाय शिकते.”

पुढच्या रविवारी माझा उपदेश अर्ध्यावर आला असता मागच्या दारातून नव्या चामड्याचा करकर आवाज आत आला. लोक वळून पाहू लागले. ती उशिरा आली होती, आणि सर्वांत पुढच्या बाकापर्यंत चालत आली.